दोन टक्के बाहेर, जात आत

कंपनी वस्तीतल्या शाळेला संगणक देते. फोटो निघतो, वार्षिक अहवालात छापला जातो. पुढे त्याच शाळेतली मुलगी इंजिनियर होऊन त्याच कंपनीच्या मुलाखतीला बसते, तेव्हा विचारलं जातं, "वडील काय करतात?" लाभार्थी म्हणून ती चालते. सहकारी म्हणून चालते का?

2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. तेव्हा हे उपकार नाहीत, कायदा आहे. पण उरलेले 98 टक्के कुणाला आत घेऊन आणि कुणाला दाराबाहेर ठेवून कमावले, याचा हिशेब कुणीच मागत नाही.

"आमच्याकडे जात नाही, फक्त गुणवत्ता," असं उत्तर तयार असतं. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, फरक आडनावाचा. दलित आडनावांना बोलावणी कमी आली. मुलाखत व्हायच्या आधीच गुणवत्ता कशी काय मोजली? 2012 मध्ये एक हजार कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 93 टक्के संचालक सवर्ण निघाले, अनुसूचित जाती-जमातींचे मिळून 3.5 टक्के.

हे आजचं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती आणि तिथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना विटाळ होई. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. मालकांनी हात झटकले. आज धोटा नाही, पण "आमच्या टीममध्ये बसेल का?" हा प्रश्न तेच काम करतो.

यात धंद्याचंही नुकसान आहे. "कोट्यातून आलास का?" असं हसत विचारलं जातं, डब्यावरून नाकं मुरडली जातात, चांगली कामं आपापल्या गोतावळ्यात वाटली जातात. अशा ठिकाणी आडनाव लपवून बसलेला माणूस चूक दिसली तरी मीटिंगमध्ये बोलत नाही. दोन वर्षांत नोकरी सोडतो. त्याच्यासोबत शिकलेलं कामही जातं. मूठभर घरांतूनच माणसं निवडणारी कंपनी देशाच्या बुद्धीचा मोठा भाग स्वतःहून नाकारते, आणि वर म्हणते, चांगली माणसं मिळत नाहीत!

सेबीने मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात स्त्री-पुरुष आणि अपंग कर्मचारी मोजले जातात. जातीचा रकाना नाही. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी समिती बंधनकारक आहे. जातीच्या छळासाठी तशी सक्ती नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक पदाच्या पातळीवर जातनिहाय आकडे जाहीर करा. तक्रार समिती नेमा, त्यात आमची माणसं घ्या. मुलाखतीत बापाचा धंदा विचारणं बंद करा.

आणि मित्रांनो, घरातले पहिले पदवीधर म्हणून आपण शिष्यवृत्तीच्या फोटोत हात जोडून उभे राहिलो, तेवढं पुरे. आता भरतीच्या टेबलापाशी जाऊन विचारायचं: आत आमची किती माणसं आहेत?