शून्य जीबी

मे महिन्यात वाळूजच्या एका वर्कशॉपमालकांनी एक टेराबाइटची हार्ड डिस्क आणून दिली. आत आठ वर्षांची ड्रॉइंगं होती. डिस्क आधीच दोन दुकानं फिरून आली होती आणि दोन्हीकडच्या पावतीवर एकच शब्द होता: ‘डेड’. मी ती लावली. मोटर नीट फिरत होती, खटखट नव्हती, क्षमतेच्या जागी शून्य. पण नावाच्या जागी लेबलवरचं मॉडेल आलं नाही, त्या मालिकेचं कारखान्यातलं सांकेतिक नाव आलं. निम्मं निदान तिथेच झालं होतं, आणि ते नाव दोन्ही दुकानांत कुणी टिपून ठेवलं नव्हतं.

बोर्डवरच्या रॉममध्ये डिस्कची जुजबी माहिती असते. खरं मॉडेल, खराब सेक्टरांच्या याद्या, सेक्टरांचा हिशेब ठेवणारा ट्रान्सलेटर हे सारं प्लॅटरवरच्या सर्व्हिस एरियात. सांकेतिक नाव दिसलं, तर डिस्क बहुधा सर्व्हिस एरियापर्यंत पोचलेलीच नसते. हेड, प्रीअँप आणि मधला संपर्क तपासायचा. मॉडेल आणि सिरीयल नंबर बरोबर येऊन क्षमता तेवढी शून्य असेल, तर संशय ट्रान्सलेटरवर.

वाळूजच्या डिस्कचा बोर्ड उघडला. हेडकडे जाणारे पॅड काळे पडले होते. साध्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसले, स्क्रू परत कसले. मॉडेल आलं, क्षमता आली. एकही फोल्डर न उघडता लगेच दुसऱ्या डिस्कवर सेक्टरन्‌सेक्टर प्रत घ्यायला लावली. अशी डिस्क पुन्हा उठेलच, याची खात्री नसते.

ट्रान्सलेटरच्या बिघाडाचा सर्वांना ठाऊक असलेला नमुना म्हणजे सीगेटची बाराकुडा ७२००.११. जानेवारी २००९ मध्ये कंपनीनं फर्मवेअरमधला दोष मान्य केला. आतली इव्हेंट-नोंद ठरावीक आकड्यावर असताना वीज बंद-चालू झाली, की डिस्क एकतर ‘बिझी’ अवस्थेत अडकायची किंवा शून्य क्षमता सांगायची. डेटा जागच्या जागी असायचा. टीटीएल अडॅप्टर लावून टर्मिनलवरून ट्रान्सलेटर पुन्हा बांधण्याची कृती तेव्हापासून हातोहात फिरते आहे, आणि आज ती दिसेल त्या सीगेटवर चालवली जाते. याची मला मनापासून काळजी वाटते. वापरात खराब होऊन बदललेल्या सेक्टरांची नोंद त्या बांधणीत धरली गेली नाही, तर पुढचे सगळे पत्ते सरकतात. क्षमता पूर्ण दिसते आणि फोटो उघडत नाहीत. आधी रॉम आणि सर्व्हिस एरियाची प्रत घ्या, मगच आदेश द्या. बोर्ड बदलायचा तर जुना रॉम नव्या बोर्डवर न्यावाच लागतो. हेडांची जुळणी त्यातच असते.

यूएसबी पेटीत बसवलेल्या डिस्कचं शून्य लगेच खरं मानू नका. पेटीतला ब्रिज स्वतःच्या नावानं उत्तर देतो. शक्य असेल तिथे थेट साटावर लावून बघा. ब्रिज मात्र जपून ठेवा, काहींत एन्क्रिप्शन त्याच्यातच असतं. आणि टेराबाइटची डिस्क ३२ एमबी दाखवत असेल, तर ती वेगळी गोष्ट: काही मदरबोर्डांच्या बायोसनं डिस्कवर एचपीए (डिस्कचा राखून लपवलेला भाग) चुकीचा बसवल्याचं जुनं प्रकरण आधी तपासा.

गिऱ्हाईक समोर उभं असतानाच चार गोष्टी जॉबकार्डावर उतरवा: फिरण्याचा आवाज, स्क्रीनवर आलेलं नाव अक्षरशः, सिरीयल नंबर, क्षमतेचा नेमका आकडा. खाली एक ओळ मोकळी सोडा, आपण काय काय केलं ते लिहायला. डिस्क पुढच्या दुकानात गेली, तर ते कार्डही सोबत द्या.