पंक्चरवाल्यांनी सफरीलाही निघावं

'पंक्चरवाला' हे आता फक्त धंद्याचं नाव राहिलेलं नाही. समाजमाध्यमांवर तो शब्द मुसलमानाला हिणवायला वापरतात, अधूनमधून तो राजकीय भाषणांतही डोकावतो. त्यावर आपलं उत्तर ठरलेलं आहे. आपण डॉक्टर, अभियंते, अधिकारी झालेल्यांची यादी पुढे करतो. यादी खरीच असते. पण ती देताना हातात टायर धरणं ही कमीपणाची गोष्ट आहे, हेही आपण नकळत कबूल करतो. मला ते मान्य नाही.

कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत 'टूर डिव्हाइड' नावाची सुमारे 4,400 किमीची सायकल शर्यत होते. वाट बहुतेक डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांची. कपडे, अंथरूण, खाणं, पाणी, अवजारं सगळं सायकललाच बांधलेलं. सोबत ना गाडी, ना मदतनीस. या प्रकाराला बाइकपॅकिंग म्हणतात आणि हौशी लोक त्यासाठी लाखोंची सायकल घेतात. त्यात लागणारं पहिलं कौशल्य कोणतं? रानात आपलं पंक्चर आपणच काढणं. चाकाचा आउट काढणारा, घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधणारा पोरगा या खेळात निम्मा तयारच असतो.

यासाठी कॅनडाला जायची गरज नाही. परभणीतून 1999 साली वेगळ्या झालेल्या आपल्या हिंगोली जिल्ह्यात असा मुलूख आहे. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे इथं उतरतात. डोंगर फार उंच नाहीत, पण चढ-उतार पाठ सोडत नाहीत. काळा दगड, विरळ साग, माळरान, मधूनच एखादा तांडा. हिंगोलीहून कयाधूच्या काठावरचं नर्सी नामदेव, सेनगावकडचा माळ, पूर्णेवरची येलदरी आणि सिद्धेश्वर धरणं, औंढा नागनाथ, मग कळमनुरी आणि शेवटी पैनगंगेवरचं इसापूर. डांबरी रस्ता टाळून गाडीवाटांनी, पाणंदींनी हे जोडत गेलं तर चार दिवसांची चांगली दमवणारी सफर होते. याच औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभी राहते आहे. 2023 साली केंद्र सरकारनं तिला 2,600 कोटींची मंजुरी दिली. चार-चार किमी लांबीच्या तिच्या दोन भुजांसाठी शास्त्रज्ञांना स्थिर, शांत जमीन हवी होती, ती इथं सापडली. आपल्या पोरांना मात्र हा जिल्हा बसच्या खिडकीतूनच ठाऊक.

वाट सोपी नाही. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात पाण्याचे हाल. म्हणून दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हाच मोसम. बाभळीचा काटा मात्र बारमाही.

खरी अडचण काट्याची नाहीच. दाढीवाला पोरगा अंधार पडताना अनोळखी गावात शिरला, तर काय होईल? हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात येतो. मुलगी निघाली तर आई-बाप दोघांच्याही. ही भीती मनाचे खेळ नाहीत. गेल्या काही वर्षांत आपण काय काय वाचलं, पाहिलं आहे. म्हणून एकट्यानं जाऊ नये, तिघं-चौघं असावेत. मुक्कामाच्या गावच्या सरपंचाला, पोलीस पाटलाला आधी फोन करावा. ओळखपत्र जवळ ठेवावं. हे सगळं करावं लागतं याचं दुःख आहेच. पण घरी बसून भीती कमी होत नाही, ना आपली, ना समोरच्याची. मोटारीतला माणूस गाव ओलांडून जातो. सायकलवाल्याला पाणी मागावं लागतं, वाट विचारावी लागते, कुणाच्या तरी ओट्यावर टेकावं लागतं. तिथं बोलणं होतं. 'कुठले तुम्ही?' या प्रश्नाला खरं नाव सांगून उत्तर देणं आणि त्यानंतरही चहा समोर येणं, याची किंमत दहा एकोपा परिषदांहून जास्त आहे. मात्र ही जबाबदारी एकट्या मुसाफिराची नाही. दार उघडायचं की नाही, हे गावानंही ठरवायचं आहे.

या मातीला वाटसरू नवा नाही. नर्सीचे नामदेव पार पंजाबात घुमानपर्यंत गेले आणि त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात पोहोचली. अलीकडे पंढरपूरहून घुमानला सायकल यात्राही निघते. मोरोक्कोचा इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादेत आला होता. मुंबईच्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तीन पारशी तरुणांनी 1923 ते 1928 या काळात सायकलवर जग पालथं घातलं. आपल्या धर्मानं तर मुसाफिराला चार रकअतींच्या जागी दोनची, रोजा पुढे ढकलण्याची आणि पाणी नसेल तर तयम्मुमची सवलत दिली आहे. माणूस घराबाहेर पडणार, हे गृहीत धरूनच ना?

मोहल्ल्यातल्या तरुण मंडळांनी क्रिकेट स्पर्धेच्या खर्चातला थोडा हिस्सा याकडे वळवावा. महागडी सायकल नको. जाड टायरची, चांगल्या ब्रेकची जुनी सायकलही चालेल. पहिल्यांदा एकच मुक्काम करावा, नर्सीपर्यंत जाऊन यावं. सोबत मोहल्ल्यातला पंक्चरवाला असावा, आणि तो सगळ्यात पुढे असावा.