हात वर केलेले सरकार

आसाम सरकारने अखेर ते करून दाखवले. 2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, तेव्हा ती मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांची नेहमीची आतषबाजी असेल, असे अनेकांना वाटले होते. आता अर्ज भरण्याची ऑनलाइन सोयही झाली आहे. ज्या ‘सेवा सेतू’ संकेतस्थळावर नागरिकाने दाखल्या-उताऱ्यांसाठी अर्ज करायचा, तिथेच त्याला आता बंदुकीचा परवानाही मागता येईल. अट एवढीच, की तो ‘संवेदनशील आणि दुर्गम’ भागात राहणारा मूळचा रहिवासी असावा आणि त्याला असुरक्षित वाटत असावे. बंदूक ही सेवा असते आणि ती सरकारने पुरवायची असते, हे ज्ञान आपल्याला या निमित्ताने झाले.

या योजनेचा खरा अर्थ एका वाक्यात सांगता येतो. तुमच्या दाराशी कोणी आले तर आम्ही येऊ शकणार नाही, तेव्हा तुमचे तुम्ही बघा, असे सरकार सांगते आहे. ही योजना नव्हे, कबुली आहे. आणि कबुली देणारे कोण? आसामचे गृहखाते सरमा यांच्याकडेच आहे. 2021 पासून पोलीस त्यांच्या हाताखाली आहेत. दिल्लीत त्यांच्याच पक्षाचे सरकार आहे. सीमा सुरक्षा दलाचा अधिकार 2021 मध्ये सीमेपासून 50 किलोमीटर आतपर्यंत वाढवण्यात आला, तो याच आसाम, पंजाब आणि पश्चिम बंगालमध्ये. इतके सारे हाताशी असताना नागोणच्या एखाद्या शेतकऱ्याला रात्री शांत झोप लागत नसेल, तर जाब कोणी द्यायचा? गृहमंत्र्यांनी. ते जाब देण्याऐवजी परवाना देत आहेत.

योजनेतल्या जिल्ह्यांची नावे पाहा. धुबरी, दक्षिण सालमारा-मानकाचर, बारपेटा, मोरिगाव, नागोण. पहिले दोन बांगलादेशाच्या सीमेवरचे. बाकीचे राज्याच्या आतले. तेव्हा सीमेपलीकडून येणाऱ्या घुसखोराचे कारण नकाशावर पुरते टिकत नाही. टिकते ते दुसरेच. या सगळ्या जिल्ह्यांत बंगाली वंशाच्या मुसलमानांची वस्ती मोठी आहे. म्हणजे बंदूक कोणाला मिळणार आणि ती कोणाकडे रोखली जाणार, हे अर्जात न लिहिताही सर्वांना कळते. ‘खिलोंजिया’ म्हणजे मूळचा आसामी कोण, याची सर्वमान्य कायदेशीर व्याख्या आसाम कराराला चाळीस वर्षे झाली तरी ठरलेली नाही. न्यायमूर्ती बिप्लब शर्मा समितीने 2020 मध्ये काही सुचवले, पण तेही अजून कायद्याचे रूप घेऊ शकलेले नाही. ज्या ओळखीवर नोकरीतले आरक्षण देता आलेले नाही, तिच्यावर आता काडतुसे मिळणार. आणि निर्णय झाला तेव्हा निवडणूक तोंडावर होती, हे वेगळे सांगायला नको.

मोरिगाव हे नाव वाचताना तरी मंत्रिमंडळातल्या कोणाचा हात अडखळायला हवा होता. नेल्ली याच जिल्ह्यात आहे. 18 फेब्रुवारी 1983 रोजी सकाळी काही तासांत तिथे अधिकृत आकड्यानुसार 1,800 हून अधिक माणसे मारली गेली. बहुतेक बळी बायका, मुले आणि म्हातारी माणसे, कारण त्यांना पळता आले नाही. तेव्हा मारणाऱ्यांच्या हाती मुख्यतः दाव नावाचे कोयते, भाले आणि काही बंदुका होत्या. त्यांनाही आपण आपल्या गावाचे, आपल्या जमिनीचे, घुसखोरांपासून रक्षण करतो आहोत असेच वाटत होते. या हत्याकांडासाठी आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही. तिथे आज सरकार परवाना घेऊन निघाले आहे.

आसामला शस्त्रांचा इतिहास शिकवण्याची गरज नाही, असे आम्ही समजत होतो. नव्वदच्या दशकात उल्फा या फुटीर संघटनेच्या शरण आलेल्या कार्यकर्त्यांना पूर्वीच्या साथीदारांपासून बचाव करता यावा म्हणून शस्त्रे जवळ ठेवू दिली गेली. कारण तेव्हाही स्वसंरक्षणाचेच होते. त्या ‘सुल्फा’वाल्यांनी पुढे खंडणी आणि ठेकेदारीत काय केले आणि 1998 ते 2001 या काळात उल्फा कार्यकर्त्यांच्या नातेवाइकांच्या झालेल्या ‘गुप्त हत्यां’त त्यांचे नाव कसे आले, हे आसामातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यानंतरच्या सरकारांची वर्षे गेली ती दिलेली आणि न दिलेली शस्त्रे परत गोळा करण्यात. 2020 च्या बोडो करारानंतर दीड हजारांहून अधिक बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवली. 2023 च्या डिसेंबरमध्ये उल्फाच्या वाटाघाटी करणाऱ्या गटाशी करार झाला. बहुतेक जिल्ह्यांतून सशस्त्र दलांचा विशेषाधिकार कायदा उठला. शांतता आली, असे सरमा यांनीच छाती पुढे काढून सांगितले. शांतता आली असेल तर बंदूक कशाला? आणि बंदूक लागत असेल तर शांतता कुठली? दोन्ही खरे असू शकत नाही. शेजारच्या मणिपुरात 2023 पासून पोलिसांच्या शस्त्रागारांतून हजारो शस्त्रे लुटली गेली आणि ती परत करा म्हणून राज्यपालांना 2025 मध्ये जनतेला मुदत घालून द्यावी लागली. आसामात लुटण्याचेही कष्ट वाचले. सरकार घरपोच द्यायला बसले आहे.

पण आसाम लांब आहे, असे म्हणून मराठी वाचकाने पान उलटू नये. घरात शस्त्र हवे ही मागणी आपल्याकडेही अधूनमधून उसळते. भोपाळच्या तत्कालीन खासदार प्रज्ञासिंह ठाकूर यांनी 2022 च्या डिसेंबरमध्ये शिवमोग्ग्यात, निदान भाजी चिरायच्या सुऱ्या तरी धार लावून ठेवा, असा सल्ला दिला होता. सैफ अली खान यांच्या वांद्र्याच्या घरात 16 जानेवारी 2025 च्या पहाटे चाकूधारी माणूस शिरला, तेव्हा त्यांच्याकडे पिस्तूल असते तर, अशी चर्चा रंगली. त्या घरात लहान मुले होती, घाबरलेली माणसे होती, अंधार होता. अशा खोलीत गोळी नेमकी कोणाला लागली असती? ज्या इमारतीत पहारेकरी नेमलेले असूनही माणूस जिन्याने वरपर्यंत पोहोचला, तिथे प्रश्न पिस्तुलाचा होता की पहाऱ्याचा?

घरातल्या बंदुकीची एक अडचण आहे आणि तिला कोणत्याही सरकारी आदेशाने उत्तर देता येत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनी बंदूक सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावर टाकली आहे. म्हणजे ती कुलपात हवी, रिकामी हवी, मुलांच्या हाती लागता कामा नये. ठीक. मग रात्री दोन वाजता कडी वाजली की आधी किल्ली शोधायची, मग कपाट उघडायचे, मग काडतुसे भरायची. तोवर चोर काम उरकून गेला असेल. म्हणून ज्याला बंदूक खरोखर वापरायची असते तो ती भरून, हाताशी ठेवतो. आणि भरलेली, हाताशी असलेली बंदूक चोराची वाट पाहत बसत नाही. ती घरातल्याच माणसांमध्ये राहते. त्यांच्या भांडणात, त्यांच्या दारूत, त्यांच्या निराशेत, त्यांच्या मुलांच्या खेळात. अभिनेता गोविंदा 1 ऑक्टोबर 2024 रोजी पहाटे विमान पकडायच्या घाईत आपले परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होते. गोळी सुटली ती त्यांच्याच पायात. घरात चोर नव्हता. दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरियस याने 14 फेब्रुवारी 2013 च्या रात्री न्हाणीघरात कोणी शिरले आहे असे समजून बंद दारावर चार गोळ्या झाडल्याचे कोर्टात सांगितले. दाराआड त्याची मैत्रीण होती. न्यायालयाने अखेर त्याला खुनासाठी दोषी ठरवले, तो भाग वेगळा. पण त्याचे म्हणणे शब्दशः खरे मानले तरी ते घरातल्या भरलेल्या पिस्तुलाविरुद्धचेच निवेदन ठरते.

अमेरिकेत हा प्रयोग दोनशे वर्षे चालू आहे. आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की बंदूक असलेल्या घरात खुनाची शक्यता बंदूक नसलेल्या घरापेक्षा 2.7 पट होती आणि मारणारा बहुधा घरचा किंवा ओळखीचा होता. त्या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. आत्महत्या करणाऱ्याच्या दाराशी कोणता दरोडेखोर आलेला असतो?

आणि चोर बाहेरचाच असतो, तो चोरच असतो, हे तरी कोण ठरवणार? आपल्याकडे याची दोन उत्तरे लिहून ठेवलेली आहेत, रक्तात. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पोटासाठी गावोगाव फिरणारे होते. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक यांना पोलिसांच्या देखत ठेचून मारले गेले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर आणि मुले पळवणारे फिरत आहेत अशी अफवा होती आणि गावोगाव रात्रीची गस्त सुरू होती. गस्तीवरचे ते लोक स्वतःला गावाचे रखवालदारच मानत होते. त्यांच्या मनात भीती होती, ती खोटी नव्हती. खोटी होती ती अफवा. या दोन्ही जमावांत बंदुका नव्हत्या. काठ्या, दगड आणि लाथा यांनी आठ माणसे गेली. अशा गावात प्रत्येक चौथ्या घरात परवाना असता तर? सरमांना हा प्रश्न कोणी तरी विचारायला हवा, कारण आसामातही 2018 च्या जूनमध्ये कार्बी आंगलाँगला दोन तरुणांना मुले पळवणारे समजून असेच मारले गेले होते. गुवाहाटीहून फिरायला गेलेली ती मुले आसामीच होती. ‘आम्ही आसामी आहोत’ असे ती ओरडून सांगत होती. भीतीला मूळनिवासीही ओळखू येत नाही.

आता परवान्यांविषयी. परवाना म्हणजे पारख, असे कायदा मानतो. महाराष्ट्रात या पारखीचे काय झाले ते बीडने दाखवले. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या डिसेंबर 2024 मधल्या हत्येनंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे बाहेर आले. ओरड झाली, मग शंभरावर परवाने रद्द झाले. रद्द करण्यासारखे होते तर दिले कोणी, हे मात्र कोणी विचारले नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, निरीक्षकाच्या दालनात, तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी शिंदे गटाच्या महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या स्वसंरक्षणाच्या नावाखाली बाळगलेल्या पिस्तुलातून. त्याच आठवड्यात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा फेसबुकवरील थेट प्रक्षेपणात खून झाला, तोही मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याच्या पिस्तुलाने. घुसखोर, दरोडेखोर यांचा या कोणत्याही प्रकरणात पत्ता नव्हता. आपल्याकडे परवाना मिळतो तो भीतीपोटी नव्हे, वजनापोटी. कमरेला लटकवलेले पिस्तूल म्हणजे पुढाऱ्याचा दागिना झाला आहे.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक ही वेगळी गोष्ट. रानडुकरे आणि माकडे पीक उद्ध्वस्त करतात, त्याला ती लागते, आणि निवडणूक आली की सरसकट ती ठाण्यात जमा करायला लावणारी यंत्रणा त्याच्यावर अन्यायच करते. जम्मूच्या डोडा भागात नव्वदच्या दशकात उभ्या केलेल्या ग्राम संरक्षण समित्यांनी काही खेडी वाचवली, हेही खरे. पण त्याच समित्यांच्या सदस्यांवर खून आणि बलात्काराचे गुन्हेही नोंदले गेले. आणि घर वाचवण्याचा हक्क मागायला कोणी सरमांकडे जाण्याची गरज नाही. तो भारतीय न्याय संहितेत आहे. रात्री घरफोडी करणाऱ्याला प्रतिकार करताना त्याचा जीव गेला तरी कायदा काही परिस्थितीत माफ करतो, मात्र गरजेपेक्षा जास्त इजा नको आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर ती आधी. कायद्याने पोलीस गृहीत धरले आहेत. सरमांनी ते वजा केले.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2011 मध्ये सलवा जुडूमच्या निकालात छत्तीसगड सरकारला हेच ठणकावले होते. गावातल्या पोरांच्या हाती बंदुका देऊन नक्षलवाद्यांशी लढवणे म्हणजे घटनेने सरकारवर टाकलेली जबाबदारी झटकणे आहे, असे त्या निकालाचे सार होते. तो निकाल कागदावर राहिला, बस्तरमधली वस्त्यावस्त्यांतली वैरे तशीच राहिली. आसामात तीच चूक आता ऑनलाइन अर्जाने होते आहे. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा एरवी ईशान्येतल्या प्रत्येक शस्त्रसमर्पणाचे श्रेय घ्यायला तत्पर असतात. शस्त्रवाटपावर ते गप्प का?

धुबरी-मानकाचरच्या चरांवर, म्हणजे नदीपात्रातल्या बेटांवर, पोलीस चौक्या उघडा, रिकाम्या जागा भरा, रात्री फोन केला तर अर्ध्या तासात जीप येईल याची हमी द्या. त्यासाठी कर भरला जातो. आसाम सरकारने ही योजना मागे घ्यावी आणि दिलेले परवाने स्थगित करावेत. महाराष्ट्रानेही दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटका करून घेऊ नये. प्रत्येक जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची संख्या आणि ते देण्याची कारणे गृहखात्याने विधिमंडळात मांडावीत, आणि बीडपासून सुरुवात करावी.