नाणे कोणते आणि भंगार कोणते?

मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी मोगलकालीन सोन्याची २१६ नाणी ताब्यात घेतली. चिखली येथे बांधकामाच्या जागी ती मजुरांना मातीत सापडली होती. सर्व नाण्यांचे वजन २,३५७ ग्रॅम भरले. विद्यार्थी मित्रांनो, भागाकार करून पाहा. एका नाण्याला सुमारे १०.९ ग्रॅम येतात, आणि मोगल मोहरेचे वजनही साधारण तेवढेच असे.

अशी बातमी वाचली, की धातुशोधक यंत्र घेऊन माळावर फिरावे असे कोणालाही वाटेल. पण याच चिखलीतील कुदळवाडी भंगाराच्या गोदामांसाठी ओळखली जात होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने ती गोदामे पाडली. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात नट, बोल्ट, वॉशर, तारेचे तुकडे, लेथवरचा लोखंडी कीस मातीत मिसळलेला असतो. तेथे यंत्र पावलोपावली वाजेल. मग त्यातले नाणे कोणते हे यंत्र सांगेल काय? माझ्या मते, यंत्राकडून ही अपेक्षा करणेच चुकीचे आहे.

यंत्राचे कार्य कसे चालते ते पाहू. त्याच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह वाहतो व त्यामुळे भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात. त्या प्रवाहांचे क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. वस्तू जितकी सुवाहक, मोठी व जाड, तितके तिचे प्रत्युत्तर अधिक मागे रेंगाळते. लोखंड चुंबकीय असल्याने त्याचे प्रत्युत्तर निराळ्या प्रकारचे असते. या फरकांवरून यंत्र वस्तूंचे गट पाडते.

आता अडचण पाहा. सोने व ॲल्युमिनियम यांच्या वाहकतेत फार अंतर नाही. म्हणून आकार व जाडी जुळून आली, तर बाटलीचे ॲल्युमिनियमचे झाकण आणि सोन्याची मोहर यंत्राला सारखीच भासू शकतात. लोखंडी वॉशर चपटा व गोल असल्याने कित्येकदा नाण्यासारखा आवाज देतो. उलट, एक रुपयाचे नाणे १९९२ पासून चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचे निघू लागले. 'लोखंड वगळा' असे बटण दाबले, तर ते खिळ्यांबरोबर वगळले जाण्याचा संभव असतो. तुमच्या आजोबांच्या डब्यातील जुनी दहा पैशांची कातरलेल्या कडेची नाणी तर ॲल्युमिनियमचीच आहेत! ज्या धातूचे झाकण, त्याच धातूचे नाणे. यंत्र वाहकता, चुंबकत्व आणि आकार यांविषयी काही सांगते. किंमत आणि इतिहास हे त्याचे विषय नव्हेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की भंगार कशाला म्हणायचे हेही वस्तू कोठे पडली आहे यावर ठरते. अमेरिकेत माँटाना राज्यात लिटल बिगहॉर्न येथे १८७६ मध्ये लढाई झाली. १९८३ च्या वणव्यात तेथील गवत जळाले, आणि पुढील वर्षी पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधकांच्या साहाय्याने ते रणांगण पिंजून काढले. सापडलेली प्रत्येक गोळी व काडतुसाचे प्रत्येक टोपण कोठे होते याची नोंद नकाशावर केली. टोपणांवरील खुणांवरून एकच बंदूक रणांगणात कोठून कोठे गेली हेही कळले. नाणी शोधणाऱ्याने हाच ऐवज कचरा म्हणून फेकला असता.

आपल्याकडेही चाकणचा संग्रामदुर्ग आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शायिस्ताखानाच्या फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने लढवला. अशा जागी शिशाची एखादी गोळी मिळाली, तर तिची बाजारभावाने किंमत काय? काहीच नाही. पण ती कोठे व किती खोल होती हे नोंदले, तर ती साक्षीदार ठरते. चिखलीची नाणी आपल्या हाती आली, पण सोबत काशाच्या भांड्याचा एक तुकडाच मिळाला. सोने वितळवले नाही तर टिकते. उकरलेल्या मातीतील मांडणी मात्र पुन्हा जुळवता येत नाही.

म्हणून कोणत्याही किल्ल्यावर वा जुन्या गढीत यंत्र घेऊन खणू नये. मातीत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. घरचा पाया खणताना काही लागले, तरी हात थांबवावा, जागेचे मोजमाप घ्यावे व वडीलधाऱ्यांना सांगावे.

मग यंत्र वापरूच नये काय? अवश्य वापरावे, पण शाळेच्या आवारात. शिक्षकांनी वाळूच्या लाकडी खोक्यात रुपया, दहा पैसे, वॉशर, झाकण, पितळी चावी आणि खिळा अशा वस्तू पुराव्यात. प्रत्येक वस्तू आधी आडवी, मग उभी ठेवावी आणि खोली बदलत जावी. विद्यार्थ्यांनी न बघता अंदाज लिहावा व नंतर वस्तू काढून पडताळावा. किती अंदाज चुकले याचा तक्ता वर्गात लावावा. आपले उपकरण कोठे फसते हे ज्याला आकड्यांत सांगता येते, त्याच्याच हाती ते शोभते.