‘नोंद आढळली नाही’ असं कोण म्हणतंय?

‘नोंद आढळली नाही.’ मराठीतली कुठलीही ऑनलाइन यादी उघडा. वर शोधाची खिडकी असते आणि तिच्यामागे हे वाक्य दबा धरून बसलेलं असतं. माझं या वाक्याशी भांडण आहे. दिसायला ते फार नम्र आहे, पण कित्येकदा धडधडीत खोटं असतं. नोंद यादीत असते, प्रोग्रॅमला ती शोधता आलेली नसते, आणि आळ मात्र येतो शोधणाऱ्यावर.

मी पोटापाण्यासाठी हेच काम करतो: याद्यांची पानं आणि त्यांच्यावरच्या खिडक्या. त्यामुळे आज जरा आमच्याच धंद्यातल्या लोकांविरुद्ध लिहिणार आहे. घरच्या मंडळींना मधले दोन-तीन परिच्छेद जड वाटतील, पण ओलांडू नका. तुमचाच विषय आहे.

आधी हे काम कसं चालतं ते सांगतो. वेबसाइट बनवताना सगळं शून्यातून लिहीत नाहीत, तयार सांगाडा घेतात. त्याला फ्रेमवर्क म्हणतात. मी वापरतो तो जँगो. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स नावाच्या गावी, एका स्थानिक वर्तमानपत्राच्या कचेरीत २००३ साली त्याची सुरुवात झाली आणि जुलै २००५ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. त्यात ‘लिस्टव्ह्यू’ नावाची सोय आहे. ‘या तक्त्यातल्या नोंदी दाखव, पानाला पन्नास’ एवढं सांगितलं की यादीचं पान तयार. शोधाची खिडकी हवी असेल तर आणखी दोन-तीन ओळी: खिडकीत काय टाईप केलंय ते घे, आणि ज्या नोंदींच्या नावात ते अक्षरशः सापडेल तेवढ्याच दाखव. या दुसऱ्या कामासाठी जो शब्द लिहायचा तो ‘आयकंटेन्स’. ‘कंटेन्स’ म्हणजे ‘यात आहे का’. आणि सुरुवातीचा तो ‘आय’?

माझा सगळा राग त्या ‘आय’वर आहे. तो ‘आय’ म्हणजे कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करू नकोस. इंग्रजीत कुणी पाटील हे आडनाव सगळं कॅपिटलमध्ये लिहिलं, कुणी सगळं स्मॉलमध्ये, तरी सापडतं. म्हणजे इंग्रजी लिहिणाऱ्याची शिफ्टची कळ दाबायची राहिली तर त्याला फ्रेमवर्कने जन्मतःच माफ केलेलं आहे. कुणी त्याला म्हणत नाही, ‘आधी शुद्ध लिहायला शिका, मग नाव शोधा.’

आता मराठीत या. आमच्याकडे कॅपिटल-स्मॉल नाही, त्यामुळे त्या ‘आय’चा आम्हाला काडीचा उपयोग नाही. आमच्या अडचणी वेगळ्या, आणि त्यांच्यासाठी असा आयता शब्द कुणी करून ठेवलेला नाही. तो आपण लिहायचा असतो, आणि आपण लिहीत नाही. एवढंच माझं म्हणणं आहे. पुढे फक्त पुरावे.

पुरावा पहिला आमच्या शेजारचाच. पाटणहून कोयनेच्या काठाकाठाने खाली गेलं की पुढचं मोठं गाव कराड. कुणी कराड लिहितं, कुणी कऱ्हाड. हे दोन तर डोळ्यांना दिसतात. पण ‘कऱ्हाड’ हा एकच शब्द युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाईप होतो. एका तऱ्हेत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात. दुसरीत साधा र, त्याला हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. प्रोग्रॅमच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. ज्याने नोंद केली त्याचा कीबोर्ड एक आणि शोधणाऱ्याचा दुसरा, की संपलं. समोर शब्द दिसतोय, तोच खिडकीत टाकलाय, आणि खाली ‘नोंद आढळली नाही’. गोऱ्हे, बऱ्हाटे, कऱ्हाडकर अशा आडनावांच्या लोकांनी काय पाप केलंय?

दुसरा पुरावा वकीलमंडळींचा. ‘ॲड.’ मधला ॲ हे सुटं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ टाईप करून वर चंद्र देत. आजही दोन्ही प्रकार चालू आहेत, आणि पडद्यावर फरक कळेल तर शपथ. जाणकार म्हणतील, युनिकोडचं प्रमाणीकरण आहे ना, एनएफसी. आहे, आणि ते करावंच. र आणि खालचं टिंब वेगवेगळं आलं तर ते त्याचा ऱ करून देतं. पण जोडचिन्हवाला ऱ ते सोडवत नाही, आणि दोन प्रकारचे ॲ एक करत नाही. ते काम आपलंच.

तिसरा पुरावा शुद्धलेखनाचा. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ‘नांव’चं नाव झालं, ‘गांव’चं गाव. नियमात झालं, पाट्यांवर आणि दफ्तरांत कुठे झालं? जुन्या कागदावरून नोंद करणारा माणूस समोर आहे तसंच उतरवणार, आणि त्याने तसंच उतरवावं. मग यादीत ‘वडगांव’ आणि खिडकीत ‘वडगाव’. पाटील-पाटिल, हिराबाई-हीराबाई, पंडित-पण्डित यांचीही तीच गत. गंमत म्हणजे आपले जुने जमाखर्च आणि जमिनीचे कागद ज्या मोडी लिपीत लिहिले गेले, तिच्यात इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळतच नसत. वेलांटी एकच. त्यावर शेकडो वर्षं कारभार चालला, वतनं सांभाळली गेली. कारकुनाला कळत होतं की हा तोच माणूस आहे. आमच्या प्रोग्रॅमला कळत नाही, आणि आम्ही त्याला अचूकता म्हणतो!

चौथा पुरावा आकड्यांचा. गट नंबर कुणी देवनागरी आकड्यांत लिहितं, कुणी इंग्रजी. जँगो ज्या पायथन भाषेत लिहिलाय तिला ‘१२’ हा देवनागरी आकडा दिला तर ती तो बारा म्हणून बरोबर वाचते. पण गट नंबर असतो ‘१२/१’ असा. त्यात तिरकी रेघ आली, म्हणून तो तक्त्यात मजकूर म्हणून ठेवतात. मजकूर झाला की देवनागरी बारा आणि इंग्रजी बारा एकमेकांना ओळखत नाहीत.

आणि खुद्द माझं गाव? रोमन लिपीत पाटण आणि पतन यांचं स्पेलिंग एकच. रोमनमधून मराठी करून देणाऱ्या कीबोर्डवर जरा घाई केली की पाटणचं पतन होतं. :-) हिंदीवाले ‘पाटन’ लिहितात. शिवाय गुजरातेत एक पाटण आहे, नेपाळात एक. केरा आणि कोयनेच्या संगमावरचं आमचं पाटण सापडायचं तर नावाबरोबर जिल्हाही विचारायला हवा, हे यादी करणाऱ्याला सुचायला नको?

आता कुणी म्हणेल, एवढं काय बिघडलं? नाही सापडलं तर दुसऱ्यांदा शोधा. बिघडतं ते असं. माझी एक आत्या ढेबेवाडीच्या बाजूला राहते. तिला एका यादीत आपलं नाव आहे का ते बघायचं होतं. कुठली यादी, कुणाची, ते सोडा. तिचं नाव हिराबाई धरू, खरं वेगळं आहे. गावातल्या एका पोराने मोबाईलवर शोधून सांगितलं, नाव नाही. आत्या एसटीने पाटणला गेली. तिथल्या दुकानातल्या मुलाने तीच साइट उघडली, तेच नाव टाकलं, पैसे घेतले आणि तेच उत्तर दिलं. संध्याकाळी तिचा फोन आला, “माझं नावच न्हाई म्हणत्यात रं.” नाव होतं. पहिली वेलांटी दुसरी झाली होती, एवढंच. तिचा एक दिवसाचा रोज गेला, भाडं गेलं. त्याहून मला लागलं ते तिने यंत्रावर ठेवलेला विश्वास. साइट चुकली असेल हे तिच्या मनातही आलं नाही. तिला वाटलं, आपल्यालाच वगळलं.

मतदार यादी घ्या, लाभार्थ्यांची यादी घ्या, पुनर्वसनाची घ्या. कोयना धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या ती कुटुंबं वेगवेगळ्या जिल्ह्यांत विखुरली. आमच्या तालुक्यातली किती माणसं मुंबईत हमाली-माथाडी करून राहिली. त्यांची नावं ठिकठिकाणी ज्याने त्याने आपापल्या कानाने लिहिली. अशा माणसांना ‘नोंद आढळली नाही’ हे वाक्य तुमच्या-माझ्यासारखं वाचता येत नाही. आपण पुन्हा टाईप करतो, ते परत फिरतात.

हे सगळं ऑनलाइन आलं ते वाईट झालं असं माझं मुळीच म्हणणं नाही. सातारा, पाटण, मग गाव निवडून गट नंबराने किंवा नावाने सातबारा घरबसल्या बघता येतो. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उताराही मिळू लागला. ज्यांनी एका उताऱ्यासाठी चार-चार हेलपाटे घातलेत त्यांना याची किंमत विचारा. पण कचेरीची खिडकी मोबाईलवर आली म्हणजे तिच्यामागे पूर्वी जो माणूस होता त्याची अक्कलही कुठेतरी आली पाहिजे. तो निदान विचारायचा, “हिराबाई म्हणजे कुणाच्या?”

आता नेहमीचे आक्षेप.

“लोकांनी शुद्ध लिहावं.” विशेषनामाला कसलं शुद्ध आणि अशुद्ध? शिवाय खिडकीत टाकणारा शुद्ध लिहील हो, यादीत लिहिणाऱ्याने काय लिहिलंय हे त्याला स्वप्नात दिसणार आहे का?

“शोध सैल केला तर भलताच माणूस सापडेल.” हा आक्षेप खरा आहे, पण चुकीच्या जागी आहे. शोधाने जवळची नावं समोर ठेवायची, त्यातलं आपलं कुठलं हे माणूस ठरवतो. ओळख पटवणं ही पुढची, वेगळी पायरी. तिथे हवं तितकं कडक व्हा. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात नव्या पिढीच्या सरकारी कागदांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आला. म्हणजे एकाच घरात तीन शब्दांची आणि चार शब्दांची नावं एकत्र नांदणार. पूर्ण नाव अक्षरशः जुळवत बसणारा शोध तिथे आणखीच आपटेल. शब्द सुटे करून शोधावेच लागतील.

“बजेट नाही.” हे तर ऐकून घेणार नाही. काम पंचवीस-तीस ओळींचं आहे. नावाच्या स्तंभाशेजारी आणखी एक स्तंभ ठेवायचा, कुणाला न दिसणारा. नोंद साठवताना त्यात नावाचं साधं रूप टाकायचं: दोन्ही वेलांट्यांची एक, दोन्ही उकारांचा एक, वर्गातल्या व्यंजनाआधीच्या अर्ध्या अनुनासिकाचा अनुस्वार आणि मग अनुस्वारच गाळलेला, दोन्ही ॲ एक, दोन्ही अर्धे ऱ एक, न दिसणारी चिन्हं काढलेली, आकडे एकाच लिपीत. खिडकीतल्या मजकुरालाही तेच संस्कार करायचे आणि साध्या रूपाशी साधं रूप जुळवायचं. दाखवायचं मात्र मूळ नाव, जसं लिहिलंय तसं. कुणाच्या कागदाला हात लागत नाही.

आणखी एक. खिडकीतला मजकूर थेट प्रश्नात कोंबू नका, फॉर्ममधून येऊ द्या. जँगोचा फॉर्म मागचीपुढची मोकळी जागा आपोआप काढतो. न दिसणारं जोडचिन्ह मात्र त्याला मोकळी जागा वाटत नाही, ते आपण काढायचं. शोध पत्त्यात दिसू द्या, म्हणजे सापडलेलं पान व्हॉट्सॲपवर आत्याला पाठवता येईल. (आधार क्रमांकासारखी गोष्ट मात्र पत्त्यात कधीही नको.) आणि दुसऱ्या पानावर गेलं की शोध विसरून अख्खी यादी दाखवण्याचा गाढवपणा बंद करा. जँगोच्या ५.१ या आवृत्तीत, २०२४ साली, यासाठी ‘क्वेरीस्ट्रिंग’ नावाची सोयसुद्धा आली. आता सबब उरली नाही.

शेवटी ते वाक्य. काहीच नाही सापडलं तर खरं सांगा: ‘हिराबाई’ हे नाव पाटण तालुक्याच्या यादीत शोधलं, या लिखाणाशी जुळणारी नोंद मिळाली नाही, मिळतीजुळती नावं खाली आहेत. खिडकीतला शब्द पुसू नका, माणसाला तो दुरुस्त करू द्या. आणि उमटवायचं तर ‘आम्हाला सापडली नाही’ असं उमटवा. त्यात ‘आम्हाला’ हा शब्द आला की जबाबदारी कुणाची ते वाचणाऱ्याला कळतं.

माझ्या ब्लॉगर मित्रांपैकी निम्मेअधिक याच धंद्यात आहेत. तुमच्यापैकी ज्यांनी कुठली यादी बनवली असेल, त्यांनी आजच तिच्या खिडकीत कऱ्हाड दोन्ही तऱ्हांनी टाकून बघावं, वडगाव अनुस्वारासकट आणि अनुस्वाराविना, गट नंबर दोन्ही आकड्यांत. आणि मग दुसऱ्या पानावर जावं. पाच मिनिटांचं काम आहे. यादी कुणाच्या उपयोगाची आहे आणि कुणाच्या नाही, ते तेवढ्यात कळेल.