एकाच गावाची दोन नावे

"गाव तेच हाय की ओ, पाटी बदलली नुस्ती. ह्यात अवघड काय हाय?" परंड्याकडच्या एका वडिलांनी मला विचारले, तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये सतरंजीवर त्यांच्या लेकीचे सगळे कागद मांडलेले होते. लेक इंजिनिअर. पुण्यात सहा वर्षे मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक्सचे काम करते आहे. जर्मनीतल्या एका कंपनीने तिला नोकरीचे पत्र दिले आहे आणि आता ब्लू कार्डसाठी अर्ज करायचा आहे. बरोबर नवरा आणि चार वर्षांचा मुलगा जाणार. मुलाच्या पासपोर्टवर जन्मस्थळ उस्मानाबाद आहे, परवा नव्याने काढलेल्या जन्मदाखल्यावर धाराशिव आहे. आईच्या पासपोर्टवर उस्मानाबाद, लग्नाच्या दाखल्यावर उस्मानाबाद, रहिवासी दाखल्यावर धाराशिव. वडिलांचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. पण जिथे हे कागद जाणार, त्या टेबलावरच्या माणसाने ना ती पाटी पाहिली आहे, ना हे गाव.

ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीचा युरोपीय संघाचा कामाचा आणि राहण्याचा परवाना. 2009 साली तो सुरू झाला, 2021 मध्ये त्याचे नियम सैल केले गेले. डेन्मार्क आणि आयर्लंड सोडून संघातले सगळे देश तो देतात, सर्वांत जास्त देतो जर्मनी. तिथे 2025 साठी वर्षाला 48,300 युरो पगाराची अट होती. मनुष्यबळाचा तुटवडा असलेल्या व्यवसायांना आणि नुकत्याच पदवी घेतलेल्यांना 43,759 युरो. संगणक क्षेत्रात तर अनुभव पुरेसा असेल तर पदवीचाही आग्रह नाही. 27 महिन्यांनी, आणि जर्मन बऱ्यापैकी येत असेल तर 21 महिन्यांनीच, कायम वास्तव्य मिळू शकते. म्हणजे दार चांगले उघडे आहे. 2024 च्या ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा 20 हजारांवरून 90 हजारांवर नेण्याची घोषणा केली, तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी पोरांनी यूट्यूबवर जर्मनचे धडे सुरू केले.

या दारातून आत जाताना गुणवत्तेचा प्रश्न आमच्या मुलांना फारसा अडवत नाही. अडतात ती कागदाला कागद जुळवताना. आणि धाराशिवच्या मुलांच्या वाट्याला ही जुळवाजुळव इतरांपेक्षा जास्त आली आहे.

धाराशिव हे गावाचे जुने नाव. शहराजवळच्या लेण्यांचे ते कधीच सुटले नव्हते. निजामाच्या राज्यात मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद झाले. 24 फेब्रुवारी 2023 रोजी शहराच्या नामांतराला केंद्राने हरकत नसल्याचे कळवले, जिल्ह्याची अंतिम अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्यावरचे आक्षेप फेटाळले. नामांतराचा वाद तिथे संपला, आणि तो पुन्हा उकरायचा माझा मुळीच हेतू नाही. पण नाव बदलण्याचा निर्णय शासनाचा होता. मग ही दोन्ही नावे एकाच जागेची आहेत हे परक्या देशात सिद्ध करण्याचे ओझे त्या लेकीच्या डोक्यावर का? आज ती काय करते? नोटरीकडे जाऊन 'वन अँड सेम'चे प्रतिज्ञापत्र करते, इंटरनेटवरून राजपत्राचे पान शोधून छापते, ते मराठीत असले तर भाषांतरकाराला पैसे देते. शंभर जण शंभर तऱ्हांनी तोच पुरावा उभा करतात.

जिल्हाधिकारी कार्यालयाने हे एका पानात संपवावे. इंग्रजीत लिहिलेले, राजपत्राचा क्रमांक आणि तारीख असलेले, उस्मानाबाद आणि धाराशिव हे एकच शहर व एकच जिल्हा आहे असे सांगणारे, क्यूआर कोडवरून कुठूनही पडताळता येणारे प्रमाणपत्र. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज करावा, दोन दिवसांत मिळावे. नावे अशीच बदललेल्या छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगरच्या मुलांनाही तेच लागणार आहे.

पदवीचीही थोडी वेगळी गोष्ट आहे. जर्मनीत परदेशी विद्यापीठांची आणि पदव्यांची 'अनाबिन' नावाची सरकारी यादी आहे. आपले विद्यापीठ आणि आपली पदवी तिच्यात मान्य दिसली तर त्या पानाची छापील प्रत अर्जाला जोडता येते. नाही दिसली तर दोनशेच्या वर युरो भरून पदवीचे स्वतंत्र मूल्यांकन करून घ्यावे लागते. आता मराठवाड्यातल्या बऱ्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांची पोरे आधी संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची पदवी घेत. पुढे यातली कितीतरी महाविद्यालये लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडली गेली. पहिल्याच्या पदवीवर गावाचे जुने नाव औरंगाबाद, दुसऱ्याचे गाव रायगड जिल्ह्यात, आणि दोन्हीच्या नावाची सुरुवात एकच. एकाच महाविद्यालयातल्या दोन भावंडांची विद्यापीठे वेगळी असू शकतात. घाईत चुकीच्या विद्यापीठाचे पान जोडले जाणे किती सोपे आहे, हे त्या सतरंजीवर बसून मला पहिल्यांदा कळले.

त्या लेकीचे स्वतःचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग तिचे नाव, मग वडिलांचे. लग्नाआधी काढलेल्या पासपोर्टवर आडनाव शेवटी. आधारवर सासरचे. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही. बाईचे नाव लग्नानंतर बदलते हे आपण जन्मापासून बघत आलो. पण तिकडच्या नोंदणी कार्यालयात ही तीन माणसे होतात.

नवरा लोहाऱ्याकडचा. त्याची जन्मतारीख 1 जून, त्याच्या वडिलांचीही 1 जून. शाळेत घालताना गुरुजींनी जूनपासून वय मोजले आणि तारीख टाकली. अख्ख्या महाराष्ट्रात हजारो लोक असे 1 जूनचे आहेत. ग्रामपंचायतीच्या नोंदीत मात्र खरी तारीख, थंडीतली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो तान्हा होता. उमरगा-लोहाऱ्याकडच्या कित्येक घरांत लोखंडी पेटीसकट कागद ढिगाऱ्यात गेले. गावे नव्या जागी वसली. पुढे लोहारा तालुका उमरग्यातून वेगळा झाला. त्या वर्षीची लेकरे आज बत्तीस-तेहतीसची आहेत, बायकोपोरांना घेऊन परदेशी नोकरीला निघण्याच्या नेमक्या वयाची.

जर्मनीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती एजंट लोक सांगत नाहीत. नेदरलँड्स किंवा फ्रान्सला जाणारा माणूस दाखल्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिलचा, म्हणजे कागद अस्सल असल्याचा, शिक्का घेतो आणि तो तिकडे चालतो. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात 2005 मध्ये आला, पण जर्मनीने भारताच्या सामील होण्यावर आक्षेप नोंदवला, त्यामुळे आपला अपोस्टिल तिथे गृहीत धरला जात नाही. लग्नाच्या किंवा जन्माच्या दाखल्याबद्दल तिकडच्या कार्यालयाला शंका आली, तर त्यांची वकिलात इथे माणूस नेमून पडताळणी करून घेते. तो माणूस ग्रामपंचायतीत येऊन जन्ममृत्यूचे रजिस्टर बघतो, शाळेत जाऊन जनरल रजिस्टर बघतो. खर्च अर्जदाराचा, आणि त्यात महिने जातात. म्हणजे तीस वर्षांपूर्वी गुरुजींनी टाकलेल्या त्या एका तारखेवर कुणाच्या बायकोची आणि लेकराची ताटातूट लांबते.

महाराष्ट्र शासनाने 2024 च्या फेब्रुवारीत जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा 10 हजार तरुणांना तिकडे पाठवायचा तो संकल्प होता. भाषेच्या वर्गांची खूप चर्चा झाली. कागदांबद्दल मी तेव्हा एक शब्द ऐकला नाही. ब्लू कार्डवाला निदान इंजिनिअर असतो, पुण्यात दोन ओळखी असतात. नळदुर्गच्या परिचारिकेने हे सगळे कुणाला विचारायचे?

नावांचा हा गुंता पुढेही वाढणार आहे. 2024 च्या मे महिन्यापासून शासनाने मुलाच्या नावापुढे आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम घालून दिला आहे. 1 मे 2014 नंतर जन्मलेल्यांना तो लागू आहे. निर्णय चांगलाच आहे. पण आता एका घरातल्या थोरल्या मुलाचे नाव तीन शब्दांचे आणि धाकटीचे चार शब्दांचे, हे सर्रास होणार. म्हणून या जूनमध्ये पहिलीचे प्रवेश होतील तेव्हा प्रत्येक मुख्याध्यापकाने जन्मदाखला समोर ठेवून, इंग्रजी स्पेलिंग आईबापांकडून लिहून घेऊन, त्यांना वाचून दाखवून मगच रजिस्टरला नोंद करावी. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी तसे लेखी आदेश शाळा सुरू होण्याआधी काढावेत.

परंड्याच्या त्या घरी आम्ही संध्याकाळपर्यंत एक यादी केली. सात कागद दुरुस्त करायचे आहेत. कंपनीने तिला रुजू व्हायला दिलेली मुदत चार महिन्यांची आहे.