कोऱ्या फॉर्मवर सही नको

कोऱ्या चेकवर सही करून तो परक्याच्या हाती देणारा व्यापारी शोधूनही सापडणार नाही. ट्रान्सपोर्टचा माल आला तरी नग मोजल्याशिवाय आम्ही पोच देत नाही. मात्र घरचे माणूस इस्पितळात दाखल करताना हीच सावधगिरी आम्ही विसरतो. काउंटरवर चार-पाच कागद पुढे येतात. मजकूर इंग्रजीत, रकाने कोरे. बोट दाखवतील तेथे सही किंवा अंगठा करून आम्ही मोकळे होतो.

या सहीचे मोल सुप्रीम कोर्टाने १६ जानेवारी २००८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. १९९५ साली दिल्लीत एक महिला दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, असे कोर्टाने ठरविले. जिवावरचा प्रसंग नसेल, तर शहाण्यासुरत्या रुग्णाच्या वतीने नातेवाइकांची सही चालत नाही. उपचार कोणता, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, हे आधी सांगितलेच पाहिजे. डॉक्टरांना फीवर पाणी सोडावे लागले व २५ हजार रुपये भरपाई द्यावी लागली.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. बाजारात आमचा धंदा पतीवर चालतो. शेठला मोठा आजार झाल्याची कुजबूज झाली की उधारीचा माल थांबतो. यंत्रमागावरच्या कारागिराला क्षय झाल्याचे कळले की त्याची रोजी जाते. क्षयाची नोंद सरकारकडे करणे डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे. पण ती नोंद सरकारसाठी आहे, बाजारासाठी नाही. रुग्णाचे गुपित फोडू नये आणि मागणी केल्यास ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, असे डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत नमूद आहे.

मालक या नात्याने आम्हीही हे पथ्य पाळले पाहिजे. कारागिराची चौकशी करायला डॉक्टरांकडे जाऊ नये. त्याची फाईल गल्ल्यावर उघडी टाकू नये.

तेव्हा बांधवांनो, फॉर्म मराठीत वाचून घ्या, कोरे रकाने भरून घ्या आणि प्रत मागा. विचारण्यात कमीपणा नाही. सौद्यात आपण दहा प्रश्न विचारतो. येथे तर प्रश्न जिवाचा आहे.